‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ म्हणजे कॅन्सर पसरला, असं नाही

पत्राचा सारांश: ६१ वर्षांच्या आईच्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. सुईने तुकडा काढून बायोप्सी झाली. निदान ‘इन्व्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा’, म्हणजे दूध बनवणाऱ्या खंडिकांच्या (लोब्युल) नावाने ओळखला जाणारा स्तनाचा कॅन्सर. त्याखाली नोंदी अशा: ई-कॅडहेरिन निगेटिव्ह, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू १+, केआय-६७ १८ टक्के. ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांनंतरची आहे. पत्र लिहिणाऱ्या मुलीने वाचलं की ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन आहे आणि ते गेलं की पेशी सुटून अंगभर जातात. तेव्हापासून तिने आईच्या जेवणातली प्रथिनं जवळपास बंद केली आहेत, त्याला दहा दिवस झाले. मावशी म्हणते, सुई लावली तिथेच चुकलं. भावाचं म्हणणं असं की ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलावं आणि तोवर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू करावं, कारण ते ‘कॅन्सर पसरवणारं एन्झाइम’ बंद करतं. मुलीचे प्रश्न: पेशी सुटल्याच असतील तर ऑपरेशन कशाला? आधी प्रथिन थांबवणारं औषध नको का? आणि आईला यातलं किती सांगावं?

तुमच्या पत्रातली एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, म्हणून ती आधी. आईंचं जेवण आजच पूर्ववत करा.

‘प्रथिन’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि सगळा घोटाळा तिथे झाला आहे. ताटातलं प्रथिन पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं होतात आणि मूळ ओळख तिथेच संपते. पेशीतली प्रथिनं पेशी स्वतः बनवते, आपल्या जनुकांच्या हुकमाने. कच्चा माल बाहेरून कमी आला तर शरीर स्नायू मोडून तो उभा करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतात ते आईंचे दंड आणि मांड्या. दोन आठवड्यांनी याच शरीराला ऑपरेशनची जखम भरून काढायची आहे. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिन मिळावं, असं आहारतज्ज्ञ धरून चालतात. वजन ५५ किलो असेल तर हे साधारण ५५ ते ८२ ग्रॅम होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उद्या सकाळी वजन करा, पूर्वीचं वजन आठवत असेल तर शेजारी लिहा, आणि हे दहा दिवस कमी खाणं झालं हे सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना न लाजता सांगा. त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे.

आता त्या ओळीबद्दल, जिने तुमची झोप उडवली आहे.

तुम्ही वाचलंत ते चूक नाही. ई-कॅडहेरिन पेशीच्या कडेला बसतं. त्याचा एक भाग बाहेर डोकावतो आणि शेजारच्या पेशीच्या तशाच भागात अडकतो. या पकडीला कॅल्शियम लागतं, नावातला ‘कॅ’ त्यावरूनच आला. (कॅल्शियमच्या गोळ्यांनी गेलेलं कॅडहेरिन परत येत नाही. इथे प्रथिनच बनत नसतं, कॅल्शियमची टंचाई नसते.) दुसरा भाग आतल्या बाजूला कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. म्हणजे शेजारणीचा हात धरलेला, आणि तो हात स्वतःच्या हाडांशी जोडलेला.

पॅथॉलॉजिस्ट हे कसं पाहतात ते समजून घ्या, म्हणजे ‘निगेटिव्ह’ या शब्दाची भीती कमी होईल. गाठीच्या तुकड्याचा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात. त्यावर फक्त ई-कॅडहेरिनलाच चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवतात. पेशींची केंद्रकं निळी रंगतात. स्तनातल्या निरोगी दुग्धनलिकेत प्रत्येक पेशीभोवती बारीक तपकिरी रेघ दिसते, मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. त्याच काचेवर थोडं बाजूला सरकलं की लोब्युलर कॅन्सरच्या पेशी लागतात. रेघ नाही, जाळी नाही. नुसते निळे ठिपके, तंतूंच्या मधून एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे निघालेले. ती शेजारची निरोगी नलिका फार कामाची असते. ती तपकिरी झाली नसेल तर रंगच नीट लागलेला नाही आणि ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ उरत नाही. शंका राहिलीच तर पॅथॉलॉजिस्ट पी-१२० कॅटेनिनसाठी दुसरा काप रंगवतात. डक्टल, म्हणजे दुग्धनलिकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅन्सरमध्ये तो रंग पेशीच्या कडेला राहतो, लोब्युलरमध्ये पेशीभर पसरतो.

आणि ही तपासणी मागवतात कशासाठी? बहुतेक वेळा कॅन्सर डक्टल आहे की लोब्युलर हे ठरवण्यासाठी. लोब्युलर प्रकारात साधारण दहातल्या नऊ जणींच्या गाठीत ई-कॅडहेरिन नसतंच. म्हणजे ही ओळ प्रकार सांगते, टप्पा सांगत नाही. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’ या अवस्थेत मिळतो. तिथे पेशींनी खंडिकेची भिंतही ओलांडलेली नसते, कुठेही गेलेल्या नसतात, तरीही त्या ई-कॅडहेरिन निगेटिव्हच असतात. उलट बाजूही बघा. डक्टल कॅन्सरच्या बहुतेक गाठींत हे प्रथिन शाबूत असतं आणि त्यातल्या काही पसरतातच. २०१९ मध्ये उंदरांवर आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर झालेल्या एका कामात ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण वाटेत जास्त मेल्या, आणि दूरच्या अवयवांत कमी गाठी झाल्या. हात सोडला की फिरायला मोकळं, पण एकट्याने जगणं अवघड. ‘प्रथिन गेलं म्हणजे पसरला’ हे समीकरण तुम्ही जिथे कुठे वाचलं, तिथे गोष्ट अर्धीच सांगितली होती.

पसरणं ही एका प्रथिनाची करामत नसते, ती लांब साखळी आहे. स्नेल, ट्विस्ट, झेब अशा नावांची नियंत्रक प्रथिनं चालू झाली की अनेक कॅन्सरमध्ये पेशी आपला ठोकळ्यासारखा आकार सोडते आणि सरपटणारी होते. ॲक्टिनचे तंतू पुढच्या कडेला वाढतात आणि पेशीचा पडदा पुढे ढकलतात, इंटेग्रिन प्रथिनं समोरच्या तंतूंना पकडतात, मागची पकड सुटते, असं पाऊल पाऊल. वाटेत कोलॅजनची दाट जाळी लागते. ती कापायला एमएमपी कुटुंबातली एन्झाइमं असतात. ही जस्ताच्या अणूवर चालणारी कात्री आहे, आणि भावाने वाचलं ते याच्याबद्दलच. मग रक्तवाहिनी, आणि तिथे खरी कसोटी: प्रवाहाचे धक्के, प्रतिकारशक्तीच्या पेशींचे हल्ले, आधार कशाचाच नाही. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. २४ तासांनी त्यातल्या १ टक्क्याहूनही कमी जिवंत होत्या.

ज्या उरतात त्यांना जागा मानवायला लागते. इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून सांगितलं की गाठी कुठेही होत नाहीत, ठराविक अवयवांतच होतात, आणि बी व माती अशी उपमा दिली. त्या ‘माती’चं एक कारण २००१ मध्ये समोर आलं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचं प्रथिन असतं आणि त्याला बोलावणारं सीएक्ससीएल-१२ फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लिम्फ नोड इथे भरपूर असतं. हाडात पोचलेली पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते, त्यामुळे हाडातल्या पेशी रँक-लायगँड नावाचं निरोप देणारं प्रथिन जास्त बनवतात, हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, हाड झिजतं, आणि झिजलेल्या हाडातून सुटलेली द्रव्यं पुन्हा कॅन्सरच्या पेशींनाच पोसतात. डेनोसुमॅब हे औषध या चक्रातलं रँक-लायगँड पकडून ठेवतं.

भावाच्या सूचनेकडे येऊ. ती वेडगळ नाही. त्याने वाचून, काळजीने सुचवलं आहे, आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. डॉक्सिसायक्लिन एमएमपींना खरोखर अडवतं. हिरड्यांच्या आजारात २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा कमी मात्रेत ते त्याच कामासाठी दिलं जातं. पण कॅन्सरमध्ये एमएमपी बंद करून बघण्याचा प्रयत्न याहून कितीतरी जोरदार औषधांनी आधीच झाला आहे. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅट आणि त्याच्या जातीची औषधं मोठ्या चाचण्यांत गेली आणि बहुतेक ठिकाणी रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. सांधे मात्र आखडले आणि दुखले. कारणं नंतर उलगडली. एमएमपी वीसहून जास्त आहेत, आणि त्यातली काही कॅन्सरला उलट रोखतात. औषध सगळ्यांनाच अडवत होतं. शिवाय ते दिलं गेलं रोग पुढे गेल्यावर, म्हणजे कुंपण ओलांडून झाल्यानंतर कात्री काढून घेतली. आणि मुळात ही प्रथिनं कॅन्सरची खासगी मालमत्ता नाहीत. जखम भरताना, गर्भ वाढताना शरीर हीच प्रथिनं वापरतं. पसरण्यात मदत करणारं प्रथिन सापडणं आणि ते बंद केल्याने रुग्णाचा फायदा होणं, या दोहोंत फार अंतर आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक ‘शोध लागला’ बातम्या पहिल्या टोकाच्या असतात, बशीतल्या पेशींवरच्या किंवा उंदरांवरच्या.

त्यासाठी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलणं तर मुळीच योग्य नाही. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका तुलनेने ६ ते ८ टक्के वाढतो असं दिसलं. दुसरं मत घ्यायला चार-आठ दिवस गेले तर घाबरू नका. औषधाचा प्रयोग करायला महिना घालवू नका.

आणि तुम्ही विचारलेलं ‘प्रथिन थांबवणारं औषध’? ते आईंच्या रिपोर्टमध्येच सुचवलेलं आहे, तुम्ही दोघांनी ती ओळ ओलांडून पुढे वाचलंत. ईआर पॉझिटिव्ह. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, हेही पेशीतलं प्रथिनच. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की ते पेशीला वाढायला सांगतं. टॅमॉक्सिफेन त्या जागेवर जाऊन बसतं. लेट्रोझोलसारखी औषधं पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन बनणंच कमी करतात. कोणतं आणि किती वर्षं हे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील, पण मुदत सहसा ५ वर्षं असते आणि काहींना ती वाढवतात. इतकी लांब का? कारण ऑपरेशनपूर्वीच काही पेशी निसटून कुठेतरी निजून राहिल्या असतील तर त्या १० वर्षांनीही जाग्या होऊ शकतात, आणि लोब्युलर प्रकारात उशिराने परत येण्याचा धोका लक्षात ठेवावाच लागतो. रिपोर्टवर ईआर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर टक्के विचारून घ्या. १ टक्क्यापासून पॉझिटिव्ह म्हणतात, पण १ ते १० टक्के म्हणजे ‘लो पॉझिटिव्ह’, आणि ९० टक्क्यांची गोष्ट वेगळी. लोब्युलरमध्ये आकडा बहुधा वरचाच असतो.

‘पेशी सुटल्याच असतील तर ऑपरेशन कशाला’ याचं उत्तर यातच आहे. ऑपरेशन मूळ ठिकाण काढतं, जिथून पेशी रोज सुटू शकतात. गोळ्या निसटलेल्यांचा बंदोबस्त करतात. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

उरलेल्या दोन नोंदी. हर-टू हे पेशीला वाढायला सांगणारं आणखी एक प्रथिन, आणि ट्रॅस्टुझुमॅब हे त्याच्यावरचं औषध. १+ म्हणजे ते औषध ज्यासाठी देतात तेवढं हर-टू या गाठीवर नाही. २+ असतं तर फिश (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी करावी लागली असती, ३+ असतं तर उपचारांची दिशाच बदलली असती. केआय-६७ हे विभागणीत असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन. ते वाढीचा वेग सांगतं, पसरणं नाही. ५ टक्के किंवा त्याखाली आणि ३० टक्के किंवा त्यावर असेल तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो. मधल्या पट्ट्यात एकाच काचेला दोन प्रयोगशाळा वेगळे आकडे देतात. १८ हा मधलाच आहे, त्यावर रात्री जागवू नका.

मावशींना सांगा: सुईच्या वाटेत काही पेशी सरकतात हे खरं आहे, पण त्या बहुतेक तिथेच मरतात, आणि स्तनातल्या सुईच्या बायोप्सीमुळे रुग्णांचं आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. ती केली नसती तर ईआरची ओळ आज हातात नसती.

सर्जनना भेटाल तेव्हा बोलणं ई-कॅडहेरिनवर अडकू देऊ नका. लोब्युलर प्रकाराच्या स्वभावातून येणारे प्रश्न विचारा. रांगेने घुसणाऱ्या या पेशी टणक गोळा करतीलच असं नाही, त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ आहे त्याहून लहान दिसू शकते. खरा विस्तार कळायला एमआरआय हवा का, आणि उजव्या स्तनाचंही काय? स्तन राखून गाठ काढली तर कडेला पेशी राहून दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता या प्रकारात जास्त असते. ती त्यांना किती वाटते? काखेतल्या नोडची सोनोग्राफी झाली का, सेंटिनल नोड (गाठीतून पेशी आधी जिथे पोचतात तो नोड) काढणार का? नोडमधल्या विखुरलेल्या लोब्युलर पेशी साध्या रंगात नजरेतून सुटू शकतात, म्हणून सायटोकेरॅटिन या पेशीतल्या प्रथिनाचा रंग वापरतात का, हेही विचारा. पूर्ण शरीराचा स्कॅन प्रत्येकीला लागत नाही. लक्षणं असतील किंवा गाठ-नोड मोठे असतील तर तो करतात. पेट स्कॅन ठरलाच तर लोब्युलरमध्ये तो कधीकधी फिका येतो हे लक्षात ठेवा. पुढे कधीही आईंना पोट फुगणं, लवकर पोट भरणं, सतत हाडदुखी सुरू झाली तर ते नुसतं ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, कारण हा प्रकार पोटाच्या पडद्यावर, अंडाशयात आणि आतड्यातही जातो.

रक्तातल्या सुट्या पेशी मोजण्याची तपासणी कुणी सुचवेल. यातल्या एका नावाजलेल्या पद्धतीत ७.५ मिलिलिटर रक्तात किती पेशी सापडतात हे मोजतात, आणि पसरलेल्या रोगात ५ किंवा जास्त म्हणजे चिंतेची बाब. आईंच्या टप्प्यावर त्या आकड्याने उपचार बदलत नाहीत, म्हणून तूर्त नको.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसत्या रिपोर्टची प्रत नेऊ नका. मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, ब्लॉकमधून पुन्हा काप काढून तपासता येतात. ऑपरेशनच्या दिवशी गाठ तासाभरात फॉर्मलिनमध्ये जावी आणि ६ ते ७२ तास त्यात राहावी, नाहीतर ईआर-हर-टूचे निकाल बिघडतात. हे सांभाळणं रुग्णालयाचं काम आहे, तरी सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑपरेशन असेल तर एकदा विचारायला हरकत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. गाठीत ई-कॅडहेरिन नसणं म्हणजे ते बनवणारं जनुक (सीडीएच-१) जन्मापासून बिघडलेलं, असं नव्हे. बहुतेक वेळा बिघाड गाठीतच झालेला असतो. मात्र कुटुंबात कुणाला पोटाचा ‘डिफ्यूज’ प्रकारचा कॅन्सर झाला असेल, किंवा आईंच्या दोन्ही स्तनांत लोब्युलर निघाला, तर सीडीएच-१ जनुकाच्या तपासणीबद्दल जनुकीय सल्लागाराशी बोला.

आईंना किती सांगायचं? हे तुम्ही भावंडांनी बंद दाराआड ठरवू नका, त्यांनाच विचारा: ‘आई, तुला सगळं बारीक ऐकायचंय, का पुढे काय करायचं एवढंच?’ त्या म्हणतील तितकं सांगा. प्रथिनांची नावं सोडा. ‘गाठीचा प्रकार कळलाय, ऑपरेशन ठरल्या तारखेलाच आहे, त्यानंतर बरीच वर्षं गोळी घ्यावी लागेल असं दिसतंय, बाकी काखेचा रिपोर्ट आल्यावर’ एवढी वाक्यं पुरतात आणि ती सगळी खरी आहेत. आणि गेले दहा दिवस ताटात काय कमी होतं, ते का, हेही सांगून टाका. त्यांच्या लक्षात आलं असणारच. त्या विचारत नाहीत ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.